एक्कावन्न मुठी

"हिरामण, मला एक्कावन्न पाहिजेत," वहिनी म्हणाल्या.

मी स्टुलावर उभा. उजवा हात काखेपर्यंत खाऱ्या पाण्यात, दातात ब्लेडचं पाकीट, आणि कपाळावरचा घाम सरळ डोळ्यात चाललेला. पुसायला तिसरा हात कुठनं आणू? पाकीट दातातच धरून म्हणलं, "काय एक्कावन्न, वहिनी?"

"ते हो. तुम्ही काढून काढून फेकता ना, हात हलवणारं. ते."

पाकीट पडलं पाण्यात.

ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. नाशकात गंगापूर रोडला किरणशेठ थेटेंचा बंगला. कांद्याचे बडे व्यापारी, आणि वहिनी म्हणजे त्यांची बायको. शेठ एकदा दुबईला गेले, तिथल्या हॉटेलात भिंतीएवढा समुद्र काचेत भरून ठेवलेला बघितला आणि तिथंच ठरवलं, दिवाणखान्यात समुद्र पायजे. नाशकाला गोदावरी आहे म्हणा, पण गोदावरी सगळ्यांचीच. समुद्र एकट्या थेट्यांचा.

सहा फुटी टाकी. मिठाची पोती मुंबईहून यायची, गाळलेल्या पाण्यात कालवायची, मापानं. आणि हे सगळं बघायला मी. सातवी पास, पास म्हणजे मास्तर कंटाळले म्हणून पास. तोवर भद्रकालीत शोभेचे गोडे मासे पिशवीत भरून विकायचो. खाऱ्या पाण्याचं सगळं शिक्षण मोबाईलवर बघून आणि मासे मारून झालं. माझे नाय, शेठचे मासे. पण शिकलो.

आता ते हात हलवणारं काय, ते सांगतो. दगडावर वाढतं. फूल वाटतं, पण फूल नाय, झाडही नाय. ते जनावर आहे, मऊ, हाडं नसलेलं. मऊ कोरल म्हणतात. दुकानदार त्याला झेनिया म्हणायचा, मी मुठी म्हणायचो. पांढरट गुलाबी देठ, देठावर बोटाबोटाचा पंजा, आणि तो पंजा दिवसभर उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो. काही मागत नाय, काही घेत नाय. नुसता आपला उद्योग चालू.

आणि वाढणं? गाजरगवत परवडलं. सुपारीएवढा तुकडा लावला होता, सहा महिन्यात आख्खा दगड गिळला. म्हणून त्याचा दगड वेगळा ठेवायचा, चारी बाजूंनी चार बोटं वाळूची गल्ली सोडायची. गल्ली ओलांडायला लागलं की कापायचं. आणि कापताना बूड ठेवायचं नाय. तांदळाएवढं बूड मागं राहिलं तरी पंधरा दिवसात तिथं नवा पंजा. पाणीही फार चकाचक करायचं नाय, त्याला थोडी घाण लागते. फार स्वच्छता केली की रुसतं आणि एका रात्रीत विरघळतं.

शेठचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत. चेन्नईवरनं मागवलेल्या आठ मशरूम होत्या, खायच्या नाय, त्या नावाचं कोरल. बशीसारख्या, निळ्या-केशरी. त्यांची किंमत ऐकली तेव्हा मी स्टुलावरनं खाली उतरून बसलो होतो. त्या काही करायच्या नाय. हलायच्या नाय, वाढायच्या नाय. नुसत्या बसून राहायच्या, श्रीमंत पाहुण्यासारख्या. आणि मुठी सरकत सरकत त्यांच्या अंगावर चाललेल्या.

मी शेठला दर खेपेला सांगायचो, "शेठ, हे गाजरगवत आहे, हे सगळं गिळणार. आठवड्याला दोन चकरा लागतील मला." दोन चकरा मिळाल्या. मंगळवार, शुक्रवार. माझंच बोलणं, आणि तेच वहिनींनी माझ्या गळ्यात घातलं.

"वाढतं ना ते? तुम्हीच म्हणता, गाजरगवत. मग एक्कावन्न काढायला काय झालं?"

"पण करणार काय एक्कावन्न घेऊन?"

"वाण," वहिनी म्हणाल्या. "हळदीकुंकवाला वाण देणार. जिवंत वाण."

त्यांनी कार्ड दाखवलं. छापूनच आणलं होतं. वरती लाट, खाली सोनेरी अक्षरात 'घरोघरी समुद्र', त्याखाली बारीक अक्षरात 'एक हरित उपक्रम'.

आता ह्यामागची कथा मला ठाऊक होती, कारण टाकी दिवाणखान्यात आणि मला कान दोन. गेल्या साली वहिनींच्या मैत्रीण डेर्ले वहिनींनी वाण म्हणून कपात लावलेलं कॅक्टस दिलं. पेपरात फोटो आला, 'वाणातून पर्यावरणाचा जागर'. आमच्या वहिनी त्या फोटोत होत्या, पण डेर्ले वहिनींच्या खोप्यामागं अर्ध्या. शिवाय ते कॅक्टस घरी आणून सोफ्यावर ठेवलं आणि शेठ त्यावर बसले, त्यामुळं थेट्यांच्या घरात पर्यावरण जरा जास्तच लक्षात राहिलं.

"वहिनी," मी म्हणलं, "ह्याला खारं पाणी लागतं. दिवा लागतो, पंप लागतो. बायका घरी नेतील, दुसऱ्या दिवशी मरेल. वास मारेल."

"हिरामण, तुम्ही कधी वाण घेतलंय?"

"मी कशाला घेईन?"

"मग. वाण द्यायचं असतं. त्याचं पुढं काय होतं ते कुणी कुणाला विचारत नाही. माझ्याकडे सतरा कुंकवाचे करंडे पडलेत." त्यांनी आवाज मऊ केला. "एक्कावन्न बरण्या मागवल्यात. रथसप्तमीच्या आधीचा रविवार. आणि पेपरवाले येणार आहेत, तेव्हा तुम्ही जरा बरा शर्ट घाला."

एवढ्यात मागनं आवाज आला, "च्यायला."

नाना.

नाना म्हणजे किरणशेठचे वडील. सगळा धंदा ह्या माणसानं उभा केला. लिलावात उभे राहिले की आवाज चार ट्रॅक्टर पलीकडं जायचा म्हणे. गेल्या पावसाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली. उजव्या हाताची मूठ अशी आवळली की उघडेना. आणि आख्ख्या भाषेतला एकच शब्द तोंडात राहिला. डॉक्टर म्हणाले असं होतं, बाकी सगळं पुसतं आणि एखादा शब्द राहतो. आता देवाला राम ठेवता आला असता, हरी ठेवता आला असता. त्यानं ठेवला च्यायला. भूक लागली, च्यायला. नातू पहिला आला, च्यायला. वहिनींची माहेरची माणसं भेटायला आली तेव्हाही तोच. त्यानंतर पाहुणे यायचे असले की नानांची चाकाची खुर्ची मागच्या खोलीत.

एरवी ती टाकीसमोर. मुठींच्या दगडासमोर बरोबर.

आता मी जे बघितलं होतं ते ह्या घरात कुणी बघितलं नव्हतं. फिजिओवाली मॅडम यायची, नानांना मऊ चेंडू द्यायची, म्हणायची, "आजोबा, दाबा, सोडा." नाना तो चेंडू डाव्या हातानं टीव्हीवर मारायचे. मॅडम वहीत लिहायची, पेशंट सहकार्य करत नाही. पण मी टाकीत हात घालून असायचो ना, तेव्हा काचेत मला मागचं दिसायचं. नाना मुठींकडं बघत बसायचे. मुठी उघडायच्या, मिटायच्या. आणि नानांचा डावा हात मांडीवर उघडायचा, मिटायचा, त्याच तालात. महिन्या-दोन महिन्यांनी उजवा. आधी वाटलं भास आहे. मग बघितलं, करंगळी. करंगळी बाहेर यायची, थरथरायची, आत जायची. मग तिच्या शेजारचं बोट.

मी हात थांबवायचो नाय, मान वळवायचो नाय. चेंडू दिला की टीव्हीवर मारणारा माणूस तो. कुणी बघतंय कळलं असतं तर संपलं असतं.

त्या मंगळवारी पोर्चमधे शेठला गाठलं. शेठ गाडीत एक पाय घालून फोनवर. फोन संपेपर्यंत थांबलो.

"शेठ, ते मुठींचं सगळं कापायचं म्हणतात वहिनी."

"काप की. माझ्या मशरूम सुटतील."

"शेठ, नानांचा हात हलतो त्याच्यावर."

"कशावर?"

"ते उघडतं-मिटतं ना, ते बघून नाना हात हलवतात. उजवा. दोन बोटं सुटलीत."

शेठनं माझ्याकडं बघितलं. "हिरामण, मेंदूच्या डॉक्टरला दिसलं नाही ते तुला दिसलं?"

"डॉक्टर महिन्याला सात मिनटं बघतो शेठ. मी आठवड्याला सहा तास असतो."

"अरे, ते म्हणालेत मला, सहा महिन्यात जे यायचं ते येतं. झाले सहा महिने." दुसरा पाय आत गेला. "आणि वाढेलच की परत. तूच म्हणतो, गाजरगवत. आता रथसप्तमीपर्यंत मला घरात शांतता पाहिजे. काय कापायचं ते काप."

दार लागलं.

आता कुणी म्हणेल, मग तू नाय म्हणायचं होतं. म्हणायचं होतं. पण नाशकात दुसरा समुद्र नव्हता. तो एक होता आणि त्यावर माझं घर चालत होतं. मी शुक्रवारी ब्लेड घेऊन गेलो.

मुठी कापल्या कापल्या बरणीत घालता येत नाय. सुटा तुकडा पाण्यात उडत फिरतो. वाटीत खडे घालायचे, त्यावर तुकडा ठेवायचा, वरनं जाळी. आठ-दहा दिवसात तो खड्याला धरतो, मग कुठंही न्या. टाकीच्या खाली कपाट असतं, त्यात पाणी गाळायची लहान टाकी. तिथं दिवा टांगला, एक्कावन्न वाट्या मांडल्या आणि वरती कापायला लागलो.

नाना समोरच. नानांना सांभाळायला मावशी होती, तिला म्हणलं, नानांना जरा बागेत न्या. मावशीनं खुर्चीला हात लावला तर नानांनी डाव्या हातानं चाक धरून ठेवलं.

"नाना, वहिनींचा हुकूम आहे," मी काचेतल्या नानांना म्हणलं. "परत वाढतंय. बूड ठेवतो मी. मुद्दाम ठेवतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी कापताना बूड ठेवत होतो. पण बुडाला हात नसतात. देठ कापला की पंजा आकसतो, शेंबडासारखा ओघळतो. एक एक करत दगड बोडका झाला. मला वाटलं, नाना आता शिवी घालतील, आता घालतील. घातली असती तर बरं वाटलं असतं. 

मंगळवारी गेलो तेव्हा नाना त्याच जागी, बोडक्या दगडासमोर. डावा हात मांडीवर पालथा. उजवी मूठ घट्ट. मी काचेत बघत होतो, एक तास, दोन तास. काही नाय. शुक्रवारी त्या मुठीत मावशीनं नॅपकिनची गुंडाळी कोंबलेली. म्हणाली, "नखं तळव्यात घुसतात हो. काल रक्त आलं."

मी कपाटाचं दार उघडून नानांना खालच्या वाट्या दाखवायचा प्रयत्न केला. खुर्चीतनं त्यांना तितकं खाली वाकता येईना. एक वाटी वर आणायला गेलो तर वहिनी आल्या.

"हिरामण! मोजून एक्कावन्न आहेत ना? हात लावू नका."

रविवार उजाडला. बंगल्याला झेंडूच्या माळा. टाकीलाही माळ, दिव्याच्या वायरीवरनं. वहिनी निळी पैठणी नेसलेल्या, पदरावर मोराच्या जागी मासे. एक्कावन्न बरण्या टेबलावर, प्रत्येकीच्या गळ्यात लाल रिबीन, त्याला कार्ड. बरणीतल्या मुठी मिटून बसलेल्या. बरा शर्ट घालून मी स्वयंपाकघराच्या दाराशी, बायका येत चालल्या. नाना मागच्या खोलीत.

डेर्ले वहिनी आल्या, बरणी डोळ्यापाशी नेली. "अगं बाई, हे काय ज्योत्स्ना? कोंब फुटलेला लसूण का?"

"कोरल आहे ते. समुद्रातलं. जिवंत."

"चावतं का?"

"नाही हो. शोभेचं."

"आणि खायला काय घालायचं?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "काही नाही. हवेवर जगतं."

पेपरचा फोटोग्राफर आला, बरण्यांचे दोन फोटो काढले. मग म्हणाला, "मॅडम, काहीतरी विधी पाहिजे. नुसत्या बरण्या म्हणजे लोणच्याचं दुकान वाटतं."

वहिनींनी टाकीकडं बघितलं. मग त्यांचं तोंड एकदम उजळलं.

"आपण गोदामाईची ओटी भरतो की नाही?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "आज समुद्राची भरू या!"

टाळ्या पडल्या. मी पुढं व्हायच्या आत टाकीचं झाकण बाजूला झालं होतं. पहिली चिमूट हळदीची. मग कुंकू. मग ओंजळभर तांदूळ, खण, आणि वरनं नारळ. डुबुक.

"वहिनी, नको! मरतंय सगळं!"

"हिरामण, शुभ कामात मरणाचं बोलू नये!"

पाठोपाठ डेर्ले वहिनी. त्या कशाला मागं राहतात? त्यांनी हळद चिमटीनं नाय, मुठीनं टाकली. मग रांगच लागली. फोटोग्राफर म्हणतोय, "काकू, परत एकदा टाका, हात दिसला नाही." काकूंनी परत टाकली. समुद्राचं पिठलं झालं. वरनं नारळ तरंगतोय, आणि एक जोकर मासा त्या नारळाभोवती गोल गोल. "बघा, प्रदक्षिणा घालतोय," कुणीतरी म्हणालं आणि चार जणींनी टाकीला हात जोडले.

ते पिठलं पंपातनं सगळीकडं फिरू नये म्हणून मी पंपाची वायर ओढायला खाली वाकलो, तेव्हा चाकाचा आवाज आला.

एका हातानं खुर्ची चालवली तर ती गोल फिरते, सरळ जात नाय. नाना मागच्या खोलीतनं निघाले होते ते भिंतीला धडकत, दाराला धडकत, पायानं ढकलत. पायघडीवरनं खुर्ची आत आली, रांगोळीतनं गेली आणि बायकांनी वाट दिली.

"च्यायला!" नाना म्हणाले. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. चार ट्रॅक्टर पलीकडं गेला असता.

एका काकूंनी कानावर हात ठेवले. वहिनी दात दाखवत हसल्या, "नानांना विश्रांती पाहिजे. हिरामण, जरा..."

नाना टाकीकडं बघत नव्हते. ते टेबलाकडं बघत होते. टेबलाच्या कडेला एक बरणी होती, उन्हाच्या तिरपीत. आतली मूठ उघडली होती. एकच पंजा, पण उघडला होता. मिटला. परत उघडला.

नानांनी हात पुढं केला. उजवा. नॅपकिनची गुंडाळी खाली पडली. बरणी हातात आली आणि मूठ मिटली तिच्यावर.

"नाना, ती डेर्ले वहिनींची आहे," वहिनी हसत हसतच म्हणाल्या आणि बरणी धरली. ओढली. नाना सोडेनात. वहिनींनी दोन हातांनी ओढली. खुर्ची पुढं आली, बरणी नाय. रिबीन सुटली, 'घरोघरी समुद्र' खाली पडलं आणि खुर्चीच्या चाकाखाली गेलं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून काढतोय, खचाखच.

सगळ्या बायकांनी बघितलं ते नानांनी बरणी घट्ट धरलेली. आता धरायचं काय, मूठ तर सात महिने मिटलेलीच होती. मी बघितलं ते त्याच्या आधीचं. बरणी धरायला आधी हात उघडावा लागतो. चारी बोटं उघडली होती, अंगठ्यासकट. मी वायर हातात धरून जमिनीवर बसलेलो, आणि माझ्या शेजारी, पिठल्यात माखलेल्या टाकीपाशी, शेठ येऊन उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनीही बघितलं होतं. त्यांचं तोंड उघडं होतं.

"ज्योत्स्ना," शेठ म्हणाले, "सोड."

वहिनींनी सोडली.

आणि मग डेर्ले वहिनी पुढं झाल्या. त्या बाईंना मी मानतो. संधी दिसली की साधतात. "अगं, माझी नानांनाच राहू दे ना," त्या म्हणाल्या. "ज्येष्ठांचा मान पहिला. आणि आमच्याकडे बाई खारं पाणी कुठलं!"

"हो हो, माझीपण नानांनाच."

"आम्ही तर उद्या गावाला चाललो."

"आमच्याकडे मांजर आहे."

पाच मिनटात नानांच्या मांडीवर बरण्या, पायाशी बरण्या, खुर्चीच्या मागच्या पिशवीत बरण्या. इतक्या आनंदानं वाण देताना मी बायकांना कधी बघितलं नाय. वहिनींनी वाण म्हणून कपाटातनं ते सतरा करंडे काढले, बाकीच्यांना वाट्या. पेपरात फोटो आला, वहिनी आख्ख्या, पुढं. 'वाणाचा पहिला मान सासऱ्यांना: थेटे परिवाराचा स्तुत्य उपक्रम'. तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. वर्षभर वहिनी माझ्याशी बोलल्या नाय, पण चहा मात्र बंद झाला नाय.

टाकीचं काय झालं ते सांगून टाकतो. त्या आठ मशरूम दोन दिवसात विरघळल्या, बशीतल्या आईस्क्रीमसारख्या. तांदूळ मी आठवडाभर जाळीनं काढत होतो. आणि बोडक्या दगडावर, मी ठेवलेल्या बुडांवर, त्या घाण पाण्यात, तेराव्या दिवशी पंजे. पण ते पुढचं.

त्या दिवशी बायका गेल्यावर मी नानांना मागच्या अंगणात नेलं. तिथं ड्रममधे पाणी कालवून ठेवलेलं असायचं, स्वच्छ, मापाचं. आंघोळीचा मोठा टब घेतला, पाणी ओतलं, पंप टाकला. एक एक बरणी उघडत खडे टबात मांडत गेलो. नाना बघत होते. पन्नास झाले. एक्कावन्नावी नानांच्या मुठीत.

"नाना, द्या," मी म्हणलं. "कोंडलंय ते आत."

नानांनी हाताकडं बघितलं. हात ऐकेना. बोटं पांढरी पडलेली, बरणीभोवती आवळलेली. कपाळावर घाम आला.

शेठ दारात उभे होते. पुढं आले, खाली बसले आणि नानांची बोटं धरून उलगडायला लागले.

"ओढू नका शेठ," मी म्हणलं. "मऊ जीव ओढला की आकसतो. थांबायचं."

"किती?"

"त्याला वाटेल तितकं."

शेठचा फोन वाजला. त्यांनी बघितला, आणि पालथा घातला फरशीवर. परत वाजला, फरशीवर थरथरला, गप झाला. टबात पंपानं पाणी हलत होतं. मुठी एवढ्या हाताळणीनंतर मिटूनच होत्या, सगळ्या. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघत बसलो. सांगायला लाज वाटते, पण त्या घरात सहा महिने नानांबरोबर मी एकटाच तसा बसायचो.

"कधीपासून?" शेठनं विचारलं, टबाकडं बघतच.

"दिवाळीच्या आधीपासून. बोललो होतो मी."

"बोलला होतास," शेठ म्हणाले. 

कडेला एक पंजा उघडला. मिटला. त्याच्या शेजारचा. मग मधले दोन. सगळे एका तालात नाय, ज्याचा त्याचा ताल.

नानांची करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. ते थरथरलं, परत आत गेलं. शेठचा हात पुढं आला, मी मनगट धरलं त्यांचं. शेठनं मला पगार देणाऱ्या हाताचं मनगट धरू दिलं. बोट परत बाहेर आलं. मधलं. पहिलं. अंगठा शेवटी, सगळ्यात हट्टी.

बरणी आता तळव्यावर नुसती ठेवलेली होती, ताटात ठेवल्यासारखी. नानांनी हात टबाकडं नेला नाय. शेठकडं केला.

शेठ गडबडले. वाण बायका कसं घेतात, पदर पुढं करून. शेठला पदर कुठला! त्यांनी दोन्ही हातांनी सदऱ्याचं टोक पुढं धरलं.